ताकेदा: ढग बघायचेत की गड, हे आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरच्या मध्यात आई-बाबांना घेऊन जपानला येताय, मुक्काम ओसाकाला, हातात सहा दिवस. बाबा 66 वर्षांचे, एका गुडघ्याला त्रास. ढगांवर तरंगणाऱ्या ताकेदा किल्ल्याचा फोटो बघून तिथे जायचं मनात भरलंय, पण ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं की 'तिथे नुसत्या भिंती आहेत, त्यापेक्षा हिमेजीचा किल्ला बघा'. तर जावं का, आणि गेलो तर ढग दिसतील का?

मी गेली चौदा वर्षं कोबेला राहतो. लहानपण सातारच्या बाजूला गेलं, त्यामुळे डोंगराच्या माथ्यावर तट दिसला की पाय तिकडे वळतात. इथल्या डोंगरी किल्ल्यांना यामाजिरो म्हणतात. दर शरदात आपल्याकडून आलेल्या दोन-तीन कुटुंबांना मी अशा किल्ल्यांवर घेऊन जातो, आणि त्यात ताकेदा सगळ्यात जास्त वेळा होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, जी बहुतेकांना तिथे पोचल्यावरच कळते. तो फोटो किल्ल्यावरून काढलेला नाही. मारुयामा नदीच्या एका बाजूला ताकेदाचा डोंगर, साधारण 354 मीटर उंच. नदीच्या पलीकडे आसागो डोंगराच्या उतारावर रित्सुउन्क्यो नावाची जागा आहे, तिथून समोर बघितलं की धुक्याच्या वर उचललेला किल्ला दिसतो. तुम्ही किल्ल्यावर उभे असाल तर तुम्हाला खाली ढग दिसतील, पण ढगांवरचा किल्ला दिसणार नाही, कारण त्यावर तुम्हीच उभे आहात. म्हणजे ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, दोन वेगळे डोंगर, मध्ये खोरं आणि गाव. आणि ढगांची वेळ एकच, पहाटेपासून सकाळी आठपर्यंत. एका सकाळी धावतपळत दोन्हीकडून ढग गाठायचा प्रयत्न केला की दोन्ही हातचे जातात.

हे मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका मित्राच्या घरच्यांना पहाटेच्या अंधारात थेट किल्ल्यावर नेलं. त्या दिवशी धुकं इतकं वर चढलं होतं की किल्ला त्यात बुडून गेला. आम्ही दीड-दोन तास पांढऱ्या भिंतीसमोर बसल्यासारखे बसलो. मित्राच्या वडिलांचे हात गारठून गेले होते आणि थर्मासमधला चहा संपला होता. खाली उतरून बसथांब्यावर आलो तर पलीकडच्या डोंगरावरून आलेला जोडप्यांचा एक गट एकमेकांना सकाळचे फोटो दाखवत होता: त्याच वेळी, त्याच धुक्याच्या वर, मुख्य बुरुजाचा कडा तेवढा बाहेर आलेला. मी त्यांना चुकीच्या डोंगरावर नेलं होतं. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी हेच विचारतो: तुम्हाला ढग बघायचेत की गड?

ढगांचं सांगतो. हे धुकं नदीचं आहे. शरदात दिवसा ऊन पडतं, रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन आणि हवा झपाट्याने थंड होते, पण नदीचं पाणी तितकं थंड झालेलं नसतं. त्या पाण्यावरची ओल गार हवेत धुकं बनते, आणि चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे खोऱ्यात साचून राहते. म्हणून चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: आदल्या दिवशी हवेत ओल असावी (दुपारी पाऊस पडून संध्याकाळी उघडीप मिळाली तर फारच छान), रात्री आभाळ निरभ्र, दिवस आणि पहाटेच्या तापमानात मोठा फरक, आणि वारा जवळजवळ नाही. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हा काळ असतो आणि नोव्हेंबर त्यातला चांगला महिना, तेव्हा तुमची तारीख बरोबर आहे. तरीही खात्री कुणी देऊ शकत नाही. माझ्या स्वतःच्या पहाटांपैकी निम्म्याहून कमी वेळा फोटोसारखं दृश्य मिळालंय. कधी धुकं पातळ, कधी किल्ल्याच्याही वर, कधी वाऱ्याने सगळं पुसून टाकलेलं. आदल्या संध्याकाळी झाडांची पानं हलत असतील तर मी गजर लावतो, पण आशा थोडी आवरून ठेवतो.

आता 'नुसत्या भिंती'. तुमच्या ओळखीच्यांनी सांगितलं ते खोटं नाही. ताकेदावर एकही इमारत उभी नाही. छप्पर नाही, दरवाजाची फळी नाही. जपानी किल्ल्यातल्या इमारती लाकडाच्या आणि मातीच्या, वर कौलं. त्या जळतात, कुजतात, मोडून नेता येतात. दगडी तट आणि जोती तेवढी राहतात. हा किल्ला 1600 मध्ये सोडून दिला, म्हणजे आपल्याकडे शहाजीराजे लहान होते तेव्हा. त्यानंतर सव्वाचारशे पावसाळे आणि बर्फ त्याने अंगावर घेतलेत.

पण तुम्ही महाराष्ट्रातून येताय, म्हणून मला उलट वाटतं की ताकेदा तुम्हालाच जास्त कळेल. रायगडावर आपण काय बघतो? 1818 च्या आगीनंतर वाड्यांची जोतीच उरली आहेत. तरी आपण त्या जोत्यांमधून फिरत 'इथे सदर, इथे राणीवसा' असं एकमेकांना दाखवतो. ती नजर ताकेदावर जशीच्या तशी चालते. हिमेजीत सगळं उभं आहे, तिथे बघायचं. ताकेदावर वाचायचं.

कसं वाचायचं, ते एका जागेपुरतं सांगतो. मोठ्या दरवाजाच्या जागी गेलात की लगेच पुढे जाऊ नका. समोर तट येतो, वाट काटकोनात वळते, एक छोटं चौकोनी अंगण लागतं आणि पुन्हा वळण. या चौकोनाला मासुगाता म्हणतात. मासु म्हणजे धान्य मोजायचं चौकोनी माप. आत शिरलेला शत्रू त्या मापात भरल्यासारखा अडकतो आणि तिन्ही बाजूंच्या तटांवरून त्याच्यावर मारा होतो. आपल्या गोमुखी दरवाजामागचा विचार हाच आहे, फक्त आपल्याकडे बुरूज गोल येतात आणि इथे कोपरे काटकोनी. मागच्या वर्षी पुण्याहून आलेल्या एका काकूंना मी त्या चौकोनात उभं केलं आणि म्हटलं, आता तुम्ही शत्रू आहात, तुमच्यावर कुठून कुठून बाण येतील ते दाखवा. त्यांनी शांतपणे चारी बाजूंना वळून बघितलं आणि म्हणाल्या, 'अहो, ढाल कुठल्या बाजूला धरायची?' त्यांना किल्ला कळला होता.

तिथेच तटाला खेटून उभे राहा आणि दगड बघा. हे दगड तासलेले नाहीत. डोंगरातून निघाले तसेच, ओबडधोबड, एकमेकांवर बसवलेत. याला नोझुराझुमी म्हणतात. चुना नाही, कसलाच सांधा भरलेला नाही. मोठ्या दगडांच्या फटींत मुठीएवढ्या चिपा ठोकून बसवल्या आहेत आणि भिंतीच्या मागे बारीक दगडांचा जाड थर आहे. पावसाचं पाणी त्या थरातून खाली निथळतं, म्हणून मातीचा फुगा भिंतीला बाहेर ढकलत नाही. ओमी प्रांतातल्या, बिवा तलावाजवळच्या आनो गावचे गवंडी या पद्धतीसाठी नावाजलेले होते आणि इथलं काम त्यांच्याच धाटणीचं मानतात. मग कोपऱ्याकडे या. तिथे लांबट दगड आलटून पालटून घातलेत, एकाची लांब बाजू या भिंतीत, वरच्याची त्या भिंतीत, म्हणजे दोन्ही भिंती एकमेकींत विणल्या जातात. ताकेदात ही विण अजून पुरती सफाईदार झालेली नाही, कुठे दगड आखूड पडलाय, कुठे थर चुकलाय. आणि दुसऱ्या दिवशी हिमेजीच्या मोठ्या तटाचा कोपरा बघितलात, तर तीच विण तिथे किती नेमकी झाली आहे ते डोळ्यांना दिसेल. मध्ये जेमतेम दहा-पंधरा वर्षांचं अंतर आहे. दोन्ही किल्ले बघायचं माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात मोठं कारण.

गडाची आखणीही वर गेल्यावर पटकन कळते. मध्यभागी सगळ्यात उंच होनमारू, म्हणजे आपला बालेकिल्ला, आणि त्यात मुख्य बुरुजाचं दगडी जोतं. तिथून तीन सोंडा निघतात: उत्तरेला एक सपाट माची, दक्षिणेला एक, आणि एक वायव्येकडे. पूर्व-पश्चिम सुमारे 100 मीटर, दक्षिणोत्तर सुमारे 400 मीटर, बस्स एवढाच पसारा. लांबून बघितला की वाघ दबा धरून बसल्यासारखा दिसतो, म्हणून जुनं एक नाव 'दबा धरलेल्या वाघाचा किल्ला' असंही आहे. मुख्य जोत्यावर उभं राहून दक्षिणेच्या माचीकडे बघा. खाली नदी, रेल्वेचा रूळ, गावाची कौलं, आणि मधोमध हवेत लटकल्यासारखी ती माची. ही जागा ढग नसले तरी तशीच असते.

एक प्रश्न मला स्वतःला बरीच वर्षं पडला होता. शेवटचा किल्लेदार आकामात्सु हिरोहिदे हा 22,000 कोकूचा सरदार. एक कोकू म्हणजे ढोबळमानाने एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ. या हिशोबात तो लहान सरदार. मग एवढा दगड त्याने कुठून उभा केला? उत्तर खोऱ्यात दक्षिणेला आहे: इकुनोची चांदीची खाण. शिवाय ताकेदाखालून ताजिमा, हारिमा आणि ताम्बा या तीन प्रांतांच्या वाटा जातात. किल्ला पंधराव्या शतकाच्या मध्यावर यामाना घराण्याच्या काळात उभा राहिला अशी परंपरा आहे, तेव्हा तो मातीचे बांध आणि खंदक यांचाच असणार. 1577 मध्ये हिदेयोशीच्या (पुढे सगळा जपान एका सत्तेखाली आणणारा सेनानी) भावाने, हिदेनागाने त्यावर चाल केली, आणि पुढे चांदीची वाट हिदेयोशीच्या हातात आली. 1585 मध्ये हिरोहिदे इथे आला, आणि आज दिसणारे दगडी तट त्याच्या काळातले मानतात. हा माणूस युद्धापेक्षा ग्रंथांत रमणारा, कन्फ्यूशियसच्या विचारांचा अभ्यासक फुजिवारा सेइका याचा स्नेही. 1600 च्या सेकिगाहारा युद्धात तोकुगावा इएयासुची पूर्वेची फौज आणि त्याच्या विरोधकांची पश्चिमेची फौज समोरासमोर होती. हिरोहिदे आधी पश्चिमेच्या बाजूला होता, मग बाजू बदलून पूर्वेच्या वतीने तोत्तोरीच्या किल्ल्यावर चालून गेला, आणि तिथलं गाव जाळल्याचा ठपका त्याच्यावर येऊन त्याला सेप्पुकू, म्हणजे पोट चिरून आत्महत्या, करावं लागलं. त्यानंतर ताकेदाला किल्लेदार मिळालाच नाही. भिंती इतक्या शाबूत राहिल्या त्याचं एक कारण हेही आहे, की नंतर कुणी त्यात बदल करायला आलं नाही.

आता बाबांचा गुडघा. इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, म्हणून तो किती दुखतो ते तुम्हीच ठरवा. सपाटीवर तासभर चालतात पण जिने टाळतात, असं असेल तर ताकेदा जमेल. ताकेदा स्टेशनच्या मागून देवळांच्या शेजारून वर जाणारी पायवाट आहे, चाळीसेक मिनिटांची, पण ती उभी आणि पायऱ्यांची. ती बाबांसाठी नको. शरदात स्टेशनवरून बस सुटते, ती डोंगराच्या मध्यापर्यंत नेते. टॅक्सीही तिथवर जाते. पुढे सुमारे वीस मिनिटांचा डांबरी चढ, आपल्या गतीने चालला तर अर्धा तास. किल्ल्याच्या आत मात्र दगडी पायऱ्या उंचसखल आहेत. काठी घ्या, टोकाला रबरी टोपी असलेलीच, कारण उघड्या लोखंडी टोकाने जमीन आणि दगड दोन्ही झिजतात. स्वच्छतागृह वर जाण्याआधी, बस उतरते तिथेच उरकून घ्या, गडाच्या आत नाही. गडात शिरल्यावर आई-बाबांना कुठे थांबायचं असेल तर उत्तरेच्या माचीवर थांबवा, तिथून पुढचा बालेकिल्ला तुम्ही एकट्याने करून येऊ शकता.

आणि 'गुडघा आहे म्हणून हिमेजी' हा हिशोब उलटा आहे. हिमेजीच्या मुख्य मनोऱ्याच्या आतले जिने शिडीसारखे उभे आहेत, बूट काढून पिशवीत घेऊन चढायचं, मागे-पुढे रांग, आणि उतरतानाही तसेच उभे जिने. माझ्या बरोबरच्या ज्येष्ठांना ताकेदापेक्षा हिमेजीच्या मनोऱ्यानेच जास्त दमवलंय. हिमेजी जरूर बघा, पण बाबांना मनोऱ्यात नेऊच नका. बाहेरचं आवार, तट आणि दरवाजे यांत दोन तास सहज जातात.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. ओसाकाहून सकाळी हिमेजी, दुपारपर्यंत तो किल्ला. मग बांतान लाइनने उत्तरेकडे. तेरामाएला गाडी बदलावी लागते, पुढे विजेची तार संपते आणि एक-दोन डब्यांची डिझेल गाडी येते. संध्याकाळपर्यंत ताकेदा, किंवा पुढच्याच वादायामा स्टेशनला मुक्काम. मुक्काम तिथेच हवा, कारण पहाटे वेळेवर पोचवेल अशी गाडी हिमेजीहून नाही. नोव्हेंबरच्या सुट्टीच्या दिवसांत ताकेदातल्या खोल्या लवकर भरतात, तेव्हा आत्ताच बघा. रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा. पहाटे रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही. सूर्योदय त्या दिवसांत साडेसहाच्या आसपास, म्हणून पावणेसहापर्यंत रित्सुउन्क्योच्या वाहनतळावर पोचा. तिथे बघायच्या तीन जागा आहेत. सगळ्यात खालची वाहनतळापासून पाच मिनिटांवर, सगळ्यात वरचीला तीस-चाळीस मिनिटांचा चढ. फोटोतल्यासारखं दृश्य वरून मिळतं, पण आई-बाबांना खालच्या जागी बसवून तुम्ही वर जाऊन येऊ शकता. डोक्याला लावायचा दिवा आणि पिशवीला घंटी हवी, या डोंगरांत अस्वलं आहेत आणि आवाज ऐकला की ती दूर राहतात. सूर्य तुमच्या पाठीमागच्या डोंगरावरून येतो, म्हणून उजेड किल्ल्यावर थोडा उशिरा पडतो. साडेसहाला निराश होऊन निघू नका, सात-साडेसातपर्यंत थांबा. मग खाली येऊन नाश्ता, आणि दहा वाजता निवांतपणे किल्ला. तोवर धुकं विरलेलं असतं, दगड कोरडे झालेले असतात आणि पहाटेची गर्दी उतरून गेलेली असते. परतीच्या वाटेवर वेळ उरला तर इकुनोला उतरा. ती चांदीची खाण 1973 मध्ये बंद झाली, आता आत जाऊन बघता येते.

ढग नाही दिसले, तर या आखणीत तुमची फक्त एक पहाट जाते, किल्ला जात नाही. एवढ्यासाठीच मी ढग रित्सुउन्क्योला आणि गड दुपारआधी असं वेगळं करतो.

आईंना 'काहीतरी उभं असलेलं' बघायचंच असेल, तर दुसरा पर्याय ओकायामाकडचा बित्चू-मात्सुयामा. तो 430 मीटरच्या डोंगरावर आहे आणि वर मूळचा लाकडी मनोरा अजून उभा आहे. असे मूळचे मनोरे जपानभरात बाराच उरलेत आणि त्यांतला हा सगळ्यात उंचावरचा. पण गाडी सोडते तिथून वीस मिनिटांचा चढ आहे आणि त्यात पायऱ्या आहेत, तेव्हा गुडघ्याला तोही सोपा नाही. दगडाच्या भव्यतेत मात्र तो ताकेदाच्या जवळपास येत नाही, असं माझं मत.

एक कळकळीची विनंती. 2014 च्या आसपास ताकेदावर वर्षाला पाच लाखांच्या वर लोक येऊ लागले. गवत तुडवलं गेलं, माती उघडी पडून धुपायला लागली, तटांना धोका झाला. तेव्हापासून चालायचा मार्ग आखून दिलाय, जागोजागी आच्छादन घातलंय आणि कडेला दोऱ्या लावल्यात. दोरीच्या आत राहा, फोटोसाठी तटाच्या माथ्यावर चढू नका. फटीतली एक चिपा पायाने हलली तर वरच्या मोठ्या दगडाचा आधार सैल होतो, आणि तो परत बसवायला माणसांना डोंगरावर दगड वाहून न्यावे लागतात.

किल्ल्याच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात आणि जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेर तो बंद असतो. तुम्हाला ती अडचण नाही, पण निघायच्या आधी त्या वर्षीच्या वेळा बघून घ्या. तारीख पक्की झाली की ती आणि बाबा किती जिने चढू शकतात ते इथेच कळवा. त्या आठवड्याचं हवामान बघून कुठल्या पहाटे उठायचं ते सांगेन.